धारेवर धरलेले गृहस्थ

वस्तऱ्याला धार आहे की नाही, हे खात्रीनं कळण्याचा एकच मार्ग आहे: दाढी करून बघणं. बाकीचे मार्ग इतके लोकप्रिय आहेत ते नेमके त्यामुळेच.

आमच्या इमारतीतल्या अण्णांनी या बाकीच्या मार्गांवर हयात नाही, तरी निवृत्ती खर्ची घातली आहे. अण्णा अभियंते. उभी नोकरी दुसऱ्यांच्या यंत्रांचे मायक्रॉन मोजण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर घरात मोजण्यासारखं काही उरलं नाही. वहिनींच्या पोळ्यांची जाडी मोजण्याचा एक प्रयत्न झाला, पण तो प्रकल्प पहिल्याच दिवशी गुंडाळावा लागला. अशा नाजूक काळात लेकीनं जर्मनीहून येताना झोलिंगनचा वस्तरा आणला. पात्यावर ‘झोलिंगन’ कोरायचं तर माल त्याच परिसरात घडलेला हवा, असा जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे. लेकीनं हे कौतुकानं सांगितलं. तिच्या मनात तो वस्तरा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा होता. अण्णांनी त्याची धार नखाला लावून पाहिली आणि म्हणाले, “यानं लोणीसुद्धा कापलं जायचं नाही.”

लेकीला वाईट वाटलं, पण अण्णांचं निदान बरोबर होतं. कारखान्यातून आलेला नवा वस्तरा बऱ्याचदा दाढीला तयार नसतोच. आधी निसण्यावर घासायचा, मग चामड्यावर परजायचा आणि मग गालाला लावायचा, अशी ही परंपरा आहे. अण्णांनी यातल्या पहिल्या दोन पायऱ्या मनापासून स्वीकारल्या.

निसणा म्हणजे आपल्या लेखी परसात पडलेला, कोयत्या-विळ्यांनी मधोमध खोलगट केलेला एक दगड. अण्णांकडे आता दगडांचं एकत्र कुटुंब आहे. एक हजार नंबरचा, चार हजारचा, आठ हजारचा, बारा हजारचा. नंबर जितका मोठा तितके कण बारीक, आणि बहुधा किंमत तितकी जाड. हजारावर पात्याची दोन अंगं पहिल्यांदा एका रेषेत भेटतात. खरी धार तिथेच जन्मते. पुढचे सगळे दगड आधीच्या दगडानं पाडलेले ओरखडे पुसत जातात. शिवाय एक कोटिक्यूल आहे. बेल्जियमच्या आर्देन भागातला हा पिवळट दगड. त्याच्या पोटात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात आणि ते पोलाद अलगद झिजवतात. वहिनींच्या मते या दगडांच्या पैशांत स्वयंपाकघराचा अख्खा ओटा ग्रॅनाइटचा झाला असता.

दगडही झिजतो, मग तो सपाट करायला हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. म्हणजे वस्तऱ्यासाठी दगड आणि दगडासाठी हिरा. हिऱ्यासाठी काय लागतं ते मी विचारलं नाही. उत्तर असेल अशी भीती वाटली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वस्तरा ही अतिशय हुशारीनं घडवलेली वस्तू आहे. सुरीला धार लावताना कोन आपल्या मनगटानं सांभाळावा लागतो, मनगट डळमळलं की धार गेली. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवली की कोन आपोआप साधतो, साधारण १६-१७ अंशांचा. घडवणाऱ्यानं तो पाठीच्या जाडीतच भरून ठेवलेला असतो. आपण फक्त दाब द्यायचा नाही आणि घाई करायची नाही. अण्णा अभियंते असल्यामुळे त्यांना हे चटकन कळलं, आणि अभियंते असल्यामुळेच कळल्यावरही ते थांबले नाहीत.

मग सुरू झाल्या परीक्षा. पहिली हाताच्या केसांची. वस्तरा कातडीपासून किंचित वर धरून फिरवायचा आणि केस टपटप उडाले की धार पास. त्या काळात अण्णांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी साफ झाले होते. एका मुंजीत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात पंगतीला बसले, तेव्हा शेजारचे डॉक्टर पाहुणे आपला द्रोण हळूच पलीकडे सरकवताना मी पाहिले.

दुसरी परीक्षा लटकत्या केसाची. डोक्यावरचा एक सुटा केस चिमटीत धरायचा आणि वस्तऱ्याच्या धारेवर नुसता टेकवायचा. केस आवाज न करता तुटून पडला तर धार उत्तम, टिच आवाज करून तुटला तर बरी, अडकून नुसता वाकला तर पुन्हा दगड. यातही शास्त्र आहे. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. त्यामुळे केस मुळाकडून धरला की टोकाकडून, यावर निकाल फिरतो. धुतलेला की तेल लावलेला, बारीक की राठ, यावरही फिरतो. अण्णांच्या स्वतःच्या डोक्यावरचा साठा मर्यादित असल्यामुळे ते वहिनींच्या फणीवर अवलंबून होते. वहिनींचा केस तुटला, सुनेचा तुटला नाही, नातीचा तुटला पण कुरकुरत. एकाच वस्तऱ्याबद्दल एकाच घरात तीन निकाल लागले आणि वहिनींनी फणी कुलपात ठेवली.

एवढं होईपर्यंत अण्णांची रोजची दाढी टाकाऊ प्लॅस्टिकच्या यंत्रानं चालू होती.

पुढची पायरी पट्ट्याची. दगडावरून उतरलेली धार तीक्ष्ण असते, पण तिचा स्वभाव बरा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती दातेरी दिसते आणि टोकाचा पातळ पापुद्रा इकडेतिकडे कललेला असतो. म्हणून आधी जाड कापडावर आणि मग चामड्यावर वस्तरा फिरवायचा. पाठ पुढे, धार मागे. दगडावर धार पुढे असते, इथे उलट, नाहीतर चामड्याचीच दाढी होते. टोकाला पोचल्यावर पाठीवर वळवायचं आणि परत यायचं. पट्टा ताणून धरायचा. तो सैल राहिला तर धार गोलसर होते, म्हणजे दगडावरची सगळी तपश्चर्या पाण्यात. चामडं धारेचं नेमकं काय करतं यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं ते कललेला पापुद्रा सरळ करतं, कुणी म्हणतं किंचित घासतं. चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड चोळली की मात्र ते नक्कीच घासतं. अण्णांच्या बंडीवर त्या काळात जे हिरवे डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत.

शास्त्र पक्कं करण्यासाठी अण्णा आमच्या भागातल्या जुन्या कारागिरांकडे गेले, मीही सोबत होतो. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी तरुणपणी झाडाखाली आरसा टांगून दाढ्या केल्या आहेत. धोकटीतून वस्तरा काढायचा, तळहातावर चार हात परजायचा आणि कामाला लागायचं. आता नातवाचं सलून आहे, फिरत्या खुर्च्यांचं, आणि मामा तिथे वर्तमानपत्र वाचायला बसतात.

“मामा, तुम्ही परजायचे तेव्हा किती फेऱ्या मारायचे?” अण्णांनी वही उघडून विचारलं.

“तुमी किती मारता?”

“कापडावर वीस, चामड्यावर साठ.”

मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “साठ? अन् दाढी रोज?”

“अजून सुरू नाही केली.”

“आमचं गिऱ्हाईक साठ हातांत उठून मारुतीचं दर्शन घेऊन आलं असतं, अण्णा.”

मामांच्या नातवाकडे पट्टाच नाही. तो दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्धं पातं वस्तऱ्यासारख्या मुठीत बसवतो आणि दाढी झाल्यावर टाकून देतो. एड्सची भीती पसरल्यापासून गिऱ्हाईक खुर्चीत बसताच ‘नवीन ब्लेड लाव रे’ म्हणतं आणि ते बरोबरच आहे. चहापेक्षा स्वस्त पातं, परजणं नाही, निसणं नाही. हेच आश्वासन किंग जिलेटनं अमेरिकेत शतकापूर्वी दिलं होतं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याची ५१ यंत्रं आणि १६८ पाती खपली. पुढे काय झालं ते प्रत्येक न्हाणीघरात दिसतंच. मामांना त्याचं दुःख नाही. “रोज संध्याकाळी वस्तरं घासून मनगट मोडायचं,” ते म्हणाले, “तुमाला हौस आहे तर करा.” ज्याच्या पोटासाठी ही कला होती त्यानं ती आनंदानं सोडली, आणि ज्याला पेन्शन आहे त्यानं ती धरली. हा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

परतताना मी म्हटलं, “अण्णा, हे साहेबांचे चोचले आहेत.” त्यावर ते रस्त्यातच थांबले. अण्णा थांबले की समजावं, आता इतिहास येणार.

“अहो, साहेबाला हे पोलाद दाखवलं कोणी? आपण!” आणि या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे. हिंदुस्थानात, विशेषतः दक्षिणेत, मुशीत तयार होणारं वुट्झ पोलाद प्रसिद्ध होतं. १७९४ मध्ये मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर केला. जेम्स स्टोडार्ट नावाचे लंडनचे हत्यारं घडवणारे कारागीर या पोलादावर इतके खूश झाले की पुढे त्यांनी मायकेल फॅरडेंना हाताशी धरून तसं पोलाद बनवण्याचे प्रयोग केले. होय, विजेचे फॅरडे तेच. १८२० च्या सुमारास प्रयोगातल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेंनी मित्रांना भेट दिले. आपल्या मित्रांना आपण फार तर पेन देतो.

हा इतिहास ऐकताना कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडापाव संपला, तरी विषयाची धार गेली नाही. मी मग मूळ प्रश्न विचारला. एवढी मेहनत घेऊन लावलेली धार दाढीनं जाते कशी? दाढीचा केस तो केवढा!

इथे अण्णांचा चेहरा उजळला. अमेरिकेतल्या एमआयटीत संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्यातल्या एकानं तर आपल्याच दाढीवर पाती वापरली आणि दर वेळी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. निष्कर्ष २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही पात्याला टवके पडतात. केस पात्यासमोर वाकला, धारेला त्या जागी आधीच सूक्ष्म खोट असली आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली, की धारेचा कण निखळतो. म्हणजे धार नुसती झिजून गोल होत नाही, तुटते. केसानं गळा कापतात हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. केस पोलादही फोडतो, एवढीच भर अमेरिकेनं घातली.

यातून पाण्याचं महत्त्व कळतं. दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजलेला केस मऊ पडतो आणि कितीतरी कमी जोरात कापला जातो. कोरड्या गालावर उत्तम वस्तरा चालवला तरी अक्षरशः बिनपाण्याची होते, आणि नुकसान दोघांचंही होतं.

शेवटी एका रविवारी तो प्रसंग आला. वहिनींनी खडसावून विचारलं होतं, “हे सगळं कशासाठी चाललंय?” आणि वहीत उत्तर नव्हतं. पण साधी दाढी करतील तर ते अण्णा कसले? त्यांनी प्रयोग आखला. उजवा गाल दगडावरून नुकत्याच उतरलेल्या, न परजलेल्या धारेनं. मग वस्तरा साठ फेऱ्या परजून डावा गाल. साबण तोच, पाणी तेच, हात तोच. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. रक्तस्रावाची शक्यता असलेल्या घरात शेजाऱ्यानं असावं, म्हणून मी गेलो.

कातडी ताणायची, वस्तरा साधारण ३० अंशांत धरायचा आणि आधी सुलटा हात फिरवायचा. उजव्या गालावर आवाज आला तो करकरीत, सुक्या पानांतून कुणी चालल्यासारखा. केस निघत होते, याबद्दल तक्रार नव्हती. पण अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून वाढत होत्या. डाव्या गालावर आवाज बदलला, खाली आला, मऊ झाला. आठ्या गेल्या. अण्णा गुणगुणू लागले, आणि वस्तरा गळ्याशी असताना माणसानं गुणगुणू नये असं मला फार वाटलं.

गालावर कोणताही वस्तरा शहाणा वाटतो. खरी परीक्षा हनुवटीची आणि वरच्या ओठाची. तिथे केस राठ आणि दाट, जागा वाकडी, आणि मानेवर तर केसांना भोवरे असतात. ते कोणत्या दिशेनं वाढतात याचा पत्ता वर्षानुवर्षं दाढी करणाऱ्यालाही नसतो. हनुवटीच्या टोकाला अण्णा क्षणभर थबकले. वेदना अजिबात नव्हती. उत्तम धारेचं हेच वैशिष्ट्य: रक्त आधी येतं, बातमी मागून.

निकाल तुरटीनं दिला. लटकत्या केसापेक्षा हा परीक्षक कितीतरी प्रामाणिक आहे. दाढीनंतर ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवला की कातडी जिथे जिथे खरवडली गेली असेल तिथे तिथे झोंबतं. अण्णांचा डावा गाल गप्प राहिला. उजव्यावर खडा लागताच त्यांनी जो शब्द उच्चारला तो वहीत नोंदवलेला नाही. संध्याकाळी एका स्वागत समारंभाला त्यांना फोटोसाठी डावीकडून उभं करण्यात आलं.

तेव्हापासून अण्णा रोज वस्तऱ्यानं दाढी करतात आणि सकाळी जिन्यात भेटले की धारेबद्दल बोलतात. आजची दाढी ‘गोड’ होती, कालची ‘जरा कडक’, परवाची ‘पहिल्या हाताला छान पण उलट्या हाताला अडखळली’. आंबा खाऊन देवगडचा की रत्नागिरीचा हे सांगणारे लोक असतात, तशातली ही भाषा आहे. त्यात तथ्य असावं, कारण धार खरंच बदलते. रोज परजला तर वस्तरा महिनोन्‌महिने दगडाशिवाय चालतो. मग एक दिवस हनुवटीवर ओढल्यासारखं वाटतं, आणि बारीक दगडावर थोडे हात मारले की पुन्हा पूर्ववत होतो. पूर्वी विलायतेत श्रीमंतांकडे सात वस्तऱ्यांची पेटी असे, प्रत्येकावर वाराचं नाव. वापरलेल्या पोलादाला विश्रांती मिळावी, ही कल्पना. आपल्याकडे ती पेटी चालणं कठीण. सोमवारी सलून बंद, शनिवारी घरचे नको म्हणतात आणि अमावस्या मधेच कुठेही येते.

आपली दाढी आपण करावी हा विचार तसा नवा नाही. १७६९ साली पॅरिसच्या जाँ-जाक पेरे यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते स्वतः वस्तरे घडवून विकत, हे सांगायला नकोच. बेंजामिन फ्रँकलिननंही आत्मचरित्रात म्हटलं आहे की गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा त्याला स्वतःची दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवलं, तर त्याच्या सुखात जास्त भर पडेल. पण याच आत्मचरित्रातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. एकानं लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेइतकीच सगळी कुऱ्हाड चकचकीत हवी असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, करतो, तू चाक फिरव. गृहस्थ चाक फिरवून फिरवून थकला, दर थोड्या वेळानं येऊन बघे, कुऱ्हाडीवर डाग तसेच. शेवटी त्यानं ती तशीच मागितली. लोहार म्हणाला, अजून फिरव, होईल. तर गृहस्थ म्हणतो, नको, मला डागाळलेलीच जास्त आवडते.

हे मी अण्णांना ऐकवलं. बारा हजारानंतर आता तीस हजार नंबरचा दगड मागवायचा त्यांचा बेत चालला होता. ते विचारात पडले. मग म्हणाले, “त्या लोहाराकडे दगड कोणता होता, काही लिहिलंय?”

दगड आला आहे. धारेत पडलेला फरक अण्णांना जाणवतो, तुरटीला जाणवत नाही. माझं मत तुरटीच्या बाजूचं आहे. आठ हजारापर्यंत नीट घासलेला आणि मन लावून परजलेला वस्तरा माणसाच्या गालाला पुरतो. त्यापुढचं सगळं माणसाच्या मनासाठी आहे.

तुम्हाला हा नाद लागलाच, तर एवढं करा. धार लावून देणाऱ्या जाणकाराकडूनच वस्तरा घ्या आणि दगडांच्या दुकानाकडे वर्षभर फिरकू नका. पावसाळ्यात वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, कोरडा पुसून तेलाचं बोट लावा, नाहीतर धारेवर गंज चढतो. पट्टा मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आणि स्वस्तातला घ्या. सुरुवातीला हात वळवताना वस्तरा पाठीवर वळायचा तो धारेवर वळतो आणि पहिला पट्टा कापला जातो. बहुतेक सगळ्यांचाच जातो. अण्णांचा घोड्याच्या कातड्याचा होता.